आमासाठी माठ

मंगळवारी सकाळी आमाने दुसरं अंडंही पाण्याच्या भांड्यात टाकलं.

दीनानाथ पोंक्षे तेव्हा केंद्राच्या मागच्या खोलीत जुनी नोंदकार्डं वर्षवार लावत बसले होते. दार ढकलून अश्लेषा आत आली. तिच्या हातातल्या डबीत ओल्या कागदावर एक लांबट, पांढरं, पाणी पिऊन टम्म फुगलेलं अंडं होतं.

"हेही गेलं, काका," ती म्हणाली. "पाण्यातच पडलं होतं. किती वेळ, कोण जाणे."

दीनानाथांनी चष्मा कपाळावर सरकवून अंड्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला हवं होतं. "अरेरे," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि लगेच वाटलं की हे फारच तोकडं झालं.

सिंगापूरच्या यिशुन स्टेशनपासून बसने पंधरा मिनिटांवर, झाडीत दडलेलं हे सरीसृप केंद्र तसं छोटंसंच. शाळांच्या सहली यायच्या, मुलं काचेला नाकं लावून किंचाळायची आणि आइस्क्रीम खाऊन परत जायची. आमा इथली सगळ्यात जुनी रहिवासी. मेक्सिकोतल्या विषारी सरड्यांच्या जातीची, दीड हात लांब, जाड शेपटीची, अंगावर काळ्या-पिवळ्या मण्यांची गोधडी पांघरल्यासारखी. चावली की सोडत नाही. जबडा रोवून चघळत राहते आणि खालच्या दातांमधून विष मुरत जातं. त्यावर उतारा मिळत नाही. म्हणून तिच्या खोलीला दोन दारं, दोन कुलुपं आणि आत एकट्याने कधीही जायचं नाही असा नियम. एवढं सगळं असून स्वभावाने ती पेन्शनीत निघालेल्या बाईसारखी संथ होती. इथल्या चिनी घरांत आजीला आमा म्हणतात. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी हाक मारली ती चिकटून राहिली.

"आत अजून पाच आहेत," अश्लेषा खुर्चीवर बसत म्हणाली. "काल सोनोग्राफीत मोजली. डॉक्टर लिम म्हणाले, शुक्रवारी दुपारपर्यंत वाट बघू. नाही घातली तर ऑपरेशन. आणि या वयात ती भूल सहन करेल असं त्यांना वाटत नाही."

"आणि नर जूनमध्येच गेला."

"हो ना. म्हणजे ही पाच गेली की संपलंच सगळं." तिने डबीचं झाकण लावलं. "मी सगळं पुस्तकाप्रमाणे केलंय, काका. घरट्याची पेटी आहे, आत व्हर्मिक्युलाइट आहे, ओल मोजून ठेवलीय, दर सोमवारी सगळं बदलते. आणखी काय करू?"

दीनानाथांच्या घशाशी एक शब्द गेला आठवडाभर अडकून बसला होता. तो याही वेळी तिथेच राहिला. अश्लेषा ऑस्ट्रेलियात जाऊन या विषयात शिकून आलेली मुलगी. ते कोण? सांगलीकडच्या एका कॉलेजातल्या प्राणिशास्त्र विभागाचे निवृत्त ग्रंथपाल. अश्लेषाची आई साधना मराठी पुस्तकांची देवघेव चालवायची; तिथे दीनानाथ पुस्तकं लावून द्यायचे. "आमच्या केंद्रात वीस वर्षांची कार्डं नुसती पडलीत, कुणी लावून देईल का," असं अश्लेषाने विचारलं आणि ते मंगळवार-शुक्रवार इथे येऊ लागले. कार्डं लावायला बोलावलेल्या माणसाने सरड्याच्या बाळंतपणात तोंड घालू नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

तरी जाताना ते काचेपाशी थांबलेच.

आमा पेटीत शिरली होती. प्लास्टिकची मोठी पेटी, झाकणाला भोक, आत तो भाजलेल्या अभ्रकाचा हलका भुसा. ती पुढच्या पायांनी उकरत होती. दोन-चारदा उकरलं की पेटीच फरशीवर सरकायची, झाकण खडखडायचं, आणि ती थांबायची. मान वर करून गुलाबी जीभ बाहेर काढायची, हवेचा वास घ्यायची. मग पुन्हा उकरायची, पुन्हा पेटी सरकायची. शेवटी ती भोकातून बाहेर आली आणि खोलीभर फिरत राहिली. कोपऱ्यात गेली, भिंतीला पाठ घासली, तिथून परतली. दाराशी गेली, परतली. मग पाण्याच्या भांड्यापाशी येऊन थांबली.

दीनानाथांनी हे फिरणं पूर्वी पाहिलं होतं. अगदी असंच.

ते मागे वळले आणि जवळजवळ पळतच त्या खोलीत परत गेले.

"अश्लेषा, माठ," ते म्हणाले.

"काय?"

"माठ. पाण्याचा. मातीचा." त्यांना धाप लागली होती. "तिला पाठ टेकायला काहीतरी लागतंय गं. तुझी पेटी हलते. आत शिरलं की सगळीकडून अंगाला लागेल, हलणार नाही, गार आणि अंधारं असेल असं काहीतरी तिला हवंय. माठ आडवा पुरायचा, पोटात ओली माती भरायची. माठ बाहेरून पाणी पितो, त्यामुळे माती खाली ओली राहते आणि वर कोरडी. तिला हवी तिथे ती घालेल. म्हणजे... कदाचित. मला काही खात्री नाही. तू म्हणतेस ते पुस्तकातलं बरोबरच असणार."

अश्लेषा त्यांच्याकडे बघत राहिली. एवढं सलग बोलताना तिने काकांना कधी ऐकलं नव्हतं.

"तुम्ही हे केलंय?"

"घोरपडीसाठी. त्र्याऐंशी साली. वनखात्याने एक मादी आमच्या विभागात आणून ठेवली होती. तीही अशीच फिरायची. मी आमच्या घरचा माठ नेला होता."

"आणि घातली तिने?"

"बावीस."

"वॉव! आणि पिल्लं?"

दीनानाथांनी टेबलावरचं एक कार्ड उचललं, सरळ केलं, परत ठेवलं. "अंडी अफलित निघाली," ते म्हणाले.

एकेचाळीस वर्षांपूर्वी हाच शब्द त्यांनी लिहिला होता, आणि आज तो तितक्याच सहजपणे तोंडातून निघाला याचं त्यांना नवल वाटलं.

"ठीक आहे, बघू या," अश्लेषा उठली. "मॅनेजरला मी पटवते. तसंही आपल्याकडे गमावण्यासारखं काय उरलंय? पण माठ कुठे मिळेल? लिटल इंडियात पोंगलची मडकी असतात..."

"ती लहान पडतील. माझ्याकडे आहे."

परतीच्या गाडीत, लाल लाइनवर क्रांजी, यू टी अशी स्टेशनं मागे पडत असताना, आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं. माठ त्यांचा नव्हता. सुरेखाचा होता.

दहा वर्षांपूर्वी लेकीने, चैत्रालीने, आईवडिलांना कायमचं इकडे बोलावलं, तेव्हा सुरेखाने एकच हट्ट धरला. फ्रिजच्या पाण्याने माझा घसा बसतो, मी माठ नेणार. सामानात टाकला तर फुटेल म्हणून ती तो मांडीवर घेऊन विमानात बसली होती. साडीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेला, पोटाशी धरलेला तो गोल आकार पाहून हवाई सुंदरीने आधी भलताच समज करून घेतला होता. दीनानाथ लाजेने खिडकीबाहेर बघत बसले होते आणि सुरेखा पदराआड हसत होती. पासष्टीच्या बाईबद्दल असा समज! पुढे कितीतरी दिवस ती तो किस्सा सांगायची. सहा वर्षं ती त्या माठातलं पाणी प्यायली. ती गेल्यावर चार वर्षं माठ स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेत, बुकित बातोकमधल्या अकराव्या मजल्यावरच्या घरात, रिकामा होता. कुणी तो हलवला नव्हता.

मातीचा प्रश्न वेगळाच निघाला. इमारतीच्या पायथ्याशी सार्वजनिक बाग होती, तिथे भाजी लावणाऱ्या एका म्हाताऱ्या मित्राने खत न घातलेली लाल माती आणि जाड वाळू पिशवीभर दिली. पण केंद्रात बाहेरची माती भाजल्याशिवाय आत घेत नाहीत, असं अश्लेषाने निक्षून सांगितलं होतं. म्हणून बुधवारी सकाळी, घरात कुणी नाही असं बघून, दीनानाथांनी केकच्या दोन ट्रेमध्ये माती पसरली आणि ओव्हन चालू केला.

घर भाजलेल्या मातीच्या वासाने भरून गेलं. नेमकी त्या दिवशी नात श्रिया शाळेतून लवकर आली आणि तिच्या मागोमाग बँकेतून चैत्रालीही. तिला दुपारची मीटिंग घरून करायची होती.

"कसला वास येतोय?" चैत्रालीने पर्स ठेवत विचारलं.

श्रियाने ओव्हनच्या काचेतून डोकावलं. "आजोबा, यू बेकिंग मड? काँट बी लाह!"

"बाबा!" चैत्राली ओव्हनपाशी आली. "ओव्हनमध्ये माती? अहो, रविवारी मी यात केक करते!"

"ट्रेला खाली कागद घातलाय," दीनानाथ म्हणाले. तेवढाच बचाव त्यांच्याकडे होता.

"कशासाठी पण?"

"ती... केंद्रात एक सरडी आहे. अंडी घालायची आहेत तिला."

"आमच्या ओव्हनमध्ये?"

श्रिया हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. चैत्रालीने हात कमरेवर ठेवले आणि ती वडिलांकडे बघत राहिली. ती अगदी सुरेखासारखी उभी होती. त्र्याऐंशीच्या जुलैत सुरेखाही अशीच उभी राहिली होती, स्वयंपाकघराच्या दारात. "माझा माठ? घोरपडीला? अहो, माणसं बायकोच्या माठात हात घालत नाहीत आणि तुम्ही घोरपड घालताय!" मग बराच वेळ धुसफुसून झाल्यावर म्हणाली होती, "पावसाळा आहे म्हणून देतेय. पण मला धड परत हवा. तडा गेलेला चालणार नाही. वचन द्या."

त्यांनी वचन दिलं होतं.

दुपारी चैत्रालीची मीटिंग चालू असताना दीनानाथांनी माठ साडीच्या तुकड्यात गुंडाळला, तोही तिथेच घडी करून ठेवलेला होता, आणि भाजलेल्या मातीची पिशवी खांद्याला लावून ते बाहेर पडले. विचारून न्यावा असं दारापर्यंत मनात होतं. पण बंद दारामागून चैत्रालीचा इंग्रजी बोलण्याचा आवाज येत होता, आणि न विचारण्यासाठी त्यांना तेवढं कारण पुरलं.

गाडीत ते माठ मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या चिनी मावशीने कौतुकाने माठाला बोट लावलं.

"अंकल, धिस वन फॉर कुकिंग, आह?"

"नो, नो," दीनानाथ म्हणाले. "फॉर लिझर्ड. पॉयझनस."

मावशी हसली, मग थोडा विचार केला, आणि पुढच्या स्टेशनावर दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

माठ पुरायचं काम अश्लेषाने आणि तिच्या सहकाऱ्याने केलं. आमाला लांब आकड्याने उचलून, शेपटीला आधार देऊन, दुसऱ्या पेटीत ठेवलं होतं. दीनानाथ दुसऱ्या दाराच्या काचेआडून हातवारे करत होते. तोंड थोडं वर. अजून थोडं. नको, तेवढं नको. माठाचं पोट पुरतं बुजलं, फक्त वीतभर रुंद तोंड बाहेर राहिलं. भोवतीची वाळू अश्लेषाने झारीने भिजवली.

"आणि काचेला कागद लाव," दीनानाथ म्हणाले.

"कागद?"

"बाळंतिणीच्या खोलीत कुणी डोकावतं का? आमच्याकडे पडदा लावायचे. शाळेची मुलं उद्या दुसरीकडे ने. आणि सोमवारची साफसफाई या वेळी राहू दे. तू दर आठवड्याला सगळं नवं करतेस, तिला दर वेळी परक्या घरात आल्यासारखं वाटत असेल."

"काका, साफ करायचं नाही हे मी रजिस्टरमध्ये काय म्हणून लिहू? सिंगापूर आहे हे!"

"माझं नाव घाल," दीनानाथ म्हणाले आणि स्वतःच घाबरले.

गुरुवार त्यांचा दिवस नव्हता. तरी ते आले. काचेला तपकिरी कागद होता, आणि आतल्या छोट्या कॅमेऱ्याचं चित्र ऑफिसातल्या पडद्यावर दिसत होतं. सकाळी आमा आधी जुन्या पेटीत गेली, उकरलं, बाहेर आली. पाण्यापाशी गेली. अश्लेषाने श्वास रोखला. आमाने पाण्याला जीभ लावली आणि वळली. मग माठाच्या तोंडापाशी आली आणि बराच वेळ नुसती तिथे बसून राहिली, एखादी बाई पाव्हण्यांच्या घराच्या उंबऱ्याशी घुटमळावी तशी. जीभ आत-बाहेर, आत-बाहेर. अकराच्या सुमाराला तिने डोकं आत घातलं. मग खांदे. मग ती मण्यांची गोधडी हळूहळू आत सरकली आणि बाहेर फक्त शेपटीचं टोक राहिलं. थोड्या वेळाने तेही गेलं.

दिवसभर ती बाहेर आली नाही. मधूनमधून माठाच्या तोंडातून माती बाहेर फेकली जायची. अश्लेषाने दुपारचं जेवण पडद्यासमोरच घेतलं. दीनानाथ काही जेवलेच नाहीत. ते त्र्याऐंशीच्या जुलैत होते. विभागाच्या मागची ती पत्र्याची खोली, पावसाचा आवाज, कंदिलासारखा मिणमिणता बल्ब. तेव्हा कॅमेरा नव्हता. घोरपड माठात कधी गेली, कधी घालून बाहेर आली, कुणालाच कळलं नव्हतं. नऊ दिवसांनी त्यांनी माठाच्या तोंडातून हात घालून पाहिलं तेव्हा बोटांना ती गार, चिवट कवचं लागली होती. एवढा आनंद त्यांना मुलगी झाली तेव्हाच झाला होता.

शुक्रवारी ते साडेआठलाच पोचले. अश्लेषा फाटकाशीच उभी होती. तिचा चेहरा बघूनच त्यांना कळलं.

"बाहेर आलीय! पोट बघा तिचं, रिकाम्या पिशवीसारखं लोंबतंय. डॉक्टर लिमना फोन केला, ते म्हणाले मी शनिवारी मासे पकडायला जाणार होतो, आता आजच जातो." ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "काका, तुम्ही ना, ग्रेट आहात."

"नाही गं," दीनानाथ म्हणाले. "माठ चांगला होता."

आमाला शेजारच्या पेटीत हलवलं. आता तिच्या खोलीत धोका नव्हता, तेव्हा पहिल्यांदाच दीनानाथांना आत यायची परवानगी मिळाली. अश्लेषाने वाळू बाजूला केली, माठाचं तोंड मोकळं केलं आणि हातमोजा घातला.

"तोंडातून माझा हात जातोय," ती म्हणाली. "कोपरापर्यंत. लागलं! एक लागलं हाताला. एकेक काढते."

"थांब."

"हळू काढते, काका."

"अश्लेषा, थांब. हात बाहेर काढ. काही न धरता."

त्यांचा आवाज असा चढलेला तिने ऐकला नव्हता. तिने हात बाहेर काढला.

दीनानाथ खाली वाळूतच बसले. उभं राहून हे सांगता आलं नसतं.

"तोंडातून काढलीस तर वाकडी होतील. आत जशी पडलीत तशी राहणार नाहीत. गळ्याशी आली की फिरणारच."

"मला माहितीय, फिरवायची नाहीत. कोंबडीच्या अंड्यासारखं नसतं, आतला जीव वरच्या बाजूला चिकटतो, उलटलं की गुदमरतो. पण कालच घातलीत, अजून चोवीस तास पण..."

"कधी घातली ते आपण पाहिलेलं नाही. पहिली दोन तर सोमवारी-मंगळवारीच पडली होती." ते थांबले. "अगं, मी तुला खोटं सांगितलं. घोरपडीची अंडी अफलित नव्हती."

तीही त्यांच्यासमोर वाळूत बसली.

"नवव्या दिवशी मी ती तोंडातून काढली. बावीसच्या बावीस. गोल फिरवून, तिरकी करून, जशी निघतील तशी. माठ फोडला असता तर अलगद उचलता आली असती. पद्माकर सर, आमचे विभागप्रमुख, म्हणाले होते, पोंक्षे, फोडून टाका. पण मी बायकोला वचन दिलं होतं की माठ धड परत आणीन. आणि मला तेव्हा वाटलं, अंड्याला काय होतंय? कोंबडीवाले तर रोज फिरवतात." त्यांनी वाळूवर हात पुसले. "दोन महिन्यांनी उघडून पाहिली. चौदांत पिल्लं होती. इवलीशी, सुकलेली. बोटं मोजता येत होती. सरांनी कारण लिहायला सांगितलं, मी लिहिलं, अफलित. आणि दिवाळीनंतर एक परदेशी नियतकालिक हाती आलं, त्यात सगळं लिहिलेलं होतं. ते वर्षभर माझ्याच कपाटात पडलं होतं. मीच त्याच्यावर नंबर घातला होता. उघडलं नव्हतं."

बाजूच्या पेटीत आमाने कूस बदलली. तिच्या नख्यांचा आवाज आला.

"मग काय करायचं?" अश्लेषाने हळूच विचारलं.

"फोडायचा."

"काका, हा काकूंचा माठ आहे ना? आई म्हणाली मला. विमानातून आणलेला."

"हो," दीनानाथ म्हणाले. "वरून कापू. विजेचं यंत्र नको, हादरे बसतील. करवतीचं नुसतं पातं दे मला. आणि पाणी."

पातं त्यांनीच चालवलं. माठाचं वरचं पोट ओल्या फडक्याने भिजवत, एका जागी दहा-बारा वेळा ओढायचं, मग थोडं पुढे. लाल पाण्याचा ओघळ त्यांच्या मनगटावरून कोपराकडे जात होता.   अश्लेषाने दोनदा पातं मागितलं, त्यांनी दिलं नाही. चाळीसेक मिनिटांनी ताटाएवढा तुकडा सुटला. तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला.

आत मातीच्या खळग्यात पाच अंडी होती. पांढरी, लांबट, एकमेकांना टेकलेली.

"पेन्सिल," दीनानाथ म्हणाले.

अश्लेषाने मऊ शिशाची पेन्सिल दिली. त्यांनी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला जागेवरच एक बारीक ठिपका केला. मग ती एकेक उचलू लागली आणि ते बघत राहिले. ठिपका वर. ठिपका वर. पाचही वेळा.

त्यानंतरचे तीन आठवडे दीनानाथ घरी चोरासारखे वागले. तिसऱ्याच दिवशी चैत्रालीने विचारलं होतं, "बाबा, आईचा माठ दिसत नाही तो?" ते म्हणाले, "केंद्रात नेलाय. आणतो." चैत्रालीने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि विषय सोडून दिला. ती सोडून देते तेव्हा विसरलेली नसते, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी चार वाक्यं मनात तयार केली. दुसऱ्या आठवड्यात ती खोडली. फुटका माठ आणि पाच मेलेली अंडी असं दोन्ही एकदम तिच्यापुढे ठेवायची वेळ आली तर? तेव्हा आधी अंड्यांचं कळू दे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी अश्लेषाने दिवे मालवले आणि उबवण्याच्या कपाटातला डबा टेबलावर घेतला. अंडं न उचलता, नुसता छोटा टॉर्च तिने बाजूने टेकवला. पहिलं अंडं आतून नारिंगी उजळलं. ठिपक्याच्या खालीच लाल दोऱ्यांचं बारीक जाळं होतं, कुणी रेशमाने विणल्यासारखं.

"काका..."

"दिसलं," दीनानाथ म्हणाले.

दुसऱ्यात होतं. तिसऱ्यात, चौथ्यात होतं. पाचव्यात काही नव्हतं. नुसता पिवळा उजेड. पिल्लं बाहेर यायला अजून पाच महिने होते आणि तोवर काहीही होऊ शकतं, हे दीनानाथ स्वतःला बजावत होते, पण डोळे ऐकत नव्हते. दिवे लागल्यावर त्यांनी नवं कार्ड घेतलं. पहिल्या दोन अंड्यांपुढे लिहिलं, पाण्यात पडून. चार अंड्यांपुढे लिहिलं, जिवंत. पाचव्यापुढे आल्यावर पेन थांबलं. तो जुना शब्द पेनाच्या अगदी टोकावर आला होता, आणि या वेळी तो कदाचित खराही असेल. त्यांनी लिहिलं, कारण माहीत नाही.

निघताना अश्लेषाने एक पुडकं दिलं. साडीच्या त्या तुकड्यात माठाचं तोंड होतं, गळ्यासकट, गोल, धड. बाकीचे तुकडे तिने आमाच्या खोलीत लपायला ठेवले होते.

चैत्राली स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. दीनानाथांनी पुडकं ओट्यावर ठेवलं आणि सोडलं. चार वाक्यांतलं एकही आठवेना.

"मी तो फोडला," ते म्हणाले. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. आमाचं, पाच अंड्यांचं, आणि मग मागचं, सांगलीचं, बावीस अंड्यांचं, वचनाचं, कार्डावरच्या शब्दाचं. "तुझ्या आईला मी हे कधी सांगितलं नाही. तिच्या माठापायी अंडी गेली असं तिला वाटलं असतं. आणि माझ्यापायी गेली हे मला सांगवलं नाही."

चैत्रालीने सुरी ठेवली. ती त्या मातीच्या कड्यावरून बोट फिरवत होती.

"तो सांगलीचा माठ म्हणजे अंगणात तुळशीमागे उपडा घातलेला असायचा, तोच ना? आईने पुढच्या उन्हाळ्यात नवा आणला होता."

"हो. घोरपडीचा म्हणून तिला किळस आली असेल."

"किळस?" चैत्राली म्हणाली. "मी त्याच्यावर बसून अभ्यास करायचे, आई काही बोलायची नाही. एकदा मी विचारलं, यात पाणी का नाही भरत? म्हणाली, तो गळतो."



तो माठ गळत नव्हता. दिवाळीनंतर परत देण्याआधी त्यांनी स्वतः तो घासून, काठोकाठ भरून दोन दिवस विभागाच्या ओसरीवर ठेवला होता. थेंबही खाली आला नव्हता. धड आणला, असं त्यांनी सुरेखाला सांगितलंही होतं. तिने माठाकडे बघितलं होतं, मग त्यांच्या तोंडाकडे, आणि काही न विचारता तो घेऊन अंगणात गेली होती. सदतीस वर्षं ती त्यांच्या शेजारी राहिली त्यानंतर. तिला काय कळलं होतं, हे कितीदा विचारता आलं असतं.

"बाबा? बसा जरा. पाणी देऊ?"

"दे."

तिने फ्रिज उघडला, बाटली काढली, पुन्हा आत ठेवली आणि नळाचं पाणी भांड्यात घेतलं. आईसारखाच त्यांचाही घसा गार पाण्याने बसतो, हे तिला आठवलं असावं.

"शनिवारी लिटल इंडियात जाऊ," ती म्हणाली. "नवा माठ बघू एखादा."

दीनानाथ पाणी प्यायले. भांडं त्यांनी ओट्यावर, त्या मातीच्या कड्यात नीट मधोमध ठेवलं.

"जाऊ," ते म्हणाले. "पण मोठ्या तोंडाचा बघू."